चार पॅडची साक्ष

लासलगावचा कांदा साऱ्या देशाला ठाऊक आहे. इथली बाजार समिती १९४७ सालची. कांद्याचे भाव चढले की टीव्हीवाले इथे येतात, पडले की पुढारी येतात. पण हा कांदा शेतातल्या चाळीतून बाजार समितीच्या आवारात पोचतो कसा, ते पाहायला सहसा कोणी येत नाही. श्रोते हो, आज मी त्या वाटेबद्दल बोलणार आहे आणि त्या वाटेवर झिजणाऱ्या एका तळहाताएवढ्या वस्तूबद्दल. ती वस्तू म्हणजे गाडीच्या ब्रेकचा पॅड.

वाट अशी आहे. चाळीपासून बांधापर्यंत नुसती चाकोरी, बांधापासून पुढे पाणंद, मग कुठेतरी खडीचा रस्ता आणि सगळ्यात शेवटी डांबर. निफाड, येवला, चांदवड या भागातली जमीन बरीचशी काळी. पावसाळ्यात ती चाक धरून ठेवते आणि उन्हाळ्यात तीच धूळ होऊन गाडीच्या सांध्यासांध्यांत शिरते. कळवण-सुरगाण्याकडे गेलात तर ओढे ओलांडायचे, मुरमाचे चढ चढायचे. तिकडून माल घेऊन मुंबईकडे निघालात की कसारा घाट उतरायचा. इंदूरकडे जाणाऱ्याला चांदवडजवळचा राहुड घाट आहेच.

अशा वाटेला आमच्याकडे जीप लागते. जीप हा खरा एका जातीच्या गाडीचा शब्द. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ पासून, अमेरिकन सैन्यासाठी ती मोठ्या संख्येनं तयार झाली आणि युद्ध संपल्यावर साऱ्या जगभर पसरली. आमच्याकडे मात्र उंच, दणकट आणि चिखलात न रुतणारी जी कोणती गाडी असेल, ती जीपच. काळी-पिवळी जीप, पुढाऱ्याची जीप, आता चारही चाकांना जोर देणारी फोर बाय फोर जीप. मीही इथे जीप म्हणतो आहे ते याच अर्थानं. कंपनीचं नाव घेणार नाही. रेडिओवरून कोणाची जाहिरातही करू नये आणि बदनामीही.

माझा भाचा कांद्याचा लहानसा व्यापार करतो. म्हणजे सकाळी उठून गावोगावच्या चाळी पाहायच्या, कांदा हातात घेऊन दाबून बघायचा, कोंब आला का, काजळी धरली का, ते तपासायचं आणि सौदा ठरवायचा. त्यानं कर्ज काढून अशी एक फोर बाय फोर घेतली. जाहिरातीत ती गाडी नदीतून पाणी उडवत जाताना दाखवली होती. आमच्या भाच्याला नदी ओलांडायची हौस नव्हती. त्याला फक्त ऑगस्टमध्ये चाळीपर्यंत जाऊन परत यायचं होतं.

गाडी अकरा हजार किलोमीटर चालली आणि पुढच्या डाव्या चाकातून लोखंडावर लोखंड घासल्यासारखा आवाज यायला लागला. साध्या रस्त्यावर पुढचे पॅड तीस-चाळीस हजार किलोमीटर तरी जावेत, अशी सर्वसाधारण अपेक्षा असते. अधिकृत सर्व्हिस सेंटर शहरात, इथून साठेक किलोमीटरवर. तिथे गेला. काचेची केबिन, थंडगार हवा, कॉफीचं यंत्र. जॉबकार्ड झालं. संध्याकाळी सांगण्यात आलं, पॅड संपलेत, चारही बदलले, हे बिल. वॉरंटी? पॅड वॉरंटीत येत नाहीत. ती 'झिजणारी वस्तू' आहे. आणि सर, तुमचं ड्रायव्हिंग थोडं रफ दिसतं.

एकोणीस हजार किलोमीटरला पुन्हा तोच आवाज, तेच चाक, तेच जॉबकार्ड, तेच बिल आणि तेच वाक्य. मधल्या काळात तीन वेळा फोन, दोनदा 'पार्ट मागवलाय', एकदा 'आज आमचे सर नाहीत'. प्रत्येक खेपेला जाऊन-येऊन एकशेवीस किलोमीटर आणि एक दिवस मोडला. कांद्याच्या व्यापारात एक दिवस म्हणजे काय, ते लासलगावकरांना सांगायला नको.

सव्वीस हजारांच्या सुमारास तो देवळ्याकडून येत असताना राहुड घाटात त्यानं उतारावर ब्रेक दाबला आणि गाडी एकदम उजवीकडे, दुभाजकाच्या अंगाला खेचली गेली. मागे कंटेनर होता. गिअर खाली टाकून, हातब्रेक हळूहळू ओढत त्यानं गाडी कडेला घेतली. काही झालं नाही. घरी येऊन तो जेवला नाही, एवढंच बहिणीनं मला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी गाडी साठ किलोमीटर नेण्याची हिंमत नव्हती, म्हणून ती गावातल्याच एका मिस्त्रीकडे नेली. गॅरेज म्हणजे पत्र्याची शेड, एक जॅक आणि भिंतीवर टांगलेले पाने. सगळे त्यांना उस्ताद म्हणतात. उस्तादांनी पुढची दोन्ही चाकं काढली, चारही पॅड बाहेर घेतले आणि फरशीच्या तुकड्यावर ओळीनं मांडले. मग मला म्हणाले, "मामू, तुम्ही शिकलेले. वाचा बघू, काय लिहिलंय?"

मी बीए मराठी. तरी ते वाचता आलं. उजव्या चाकाचे दोन्ही पॅड जवळजवळ सारखे, निम्म्याहून जास्त शिल्लक. डाव्या चाकाचा बाहेरचा पॅड तर त्याहून जाड. आणि डाव्या चाकाचा आतला पॅड मात्र पार संपलेला. मसाला जाऊन मागची लोखंडी पट्टीच चकतीला घासत होती. चकतीवर रेकॉर्डसारख्या रेघा.

उस्तादांचं म्हणणं एवढंच होतं की, माणूस गाडी वाईट चालवतो तेव्हा तो चारही पॅडना सारखंच छळतो. पाय एक, पेडल एक. एकाच पॅडवर राग काढायचं कसब अजून कोणत्याही ड्रायव्हरच्या अंगी नाही.

इथे यंत्राची थोडी ओळख करून देतो. पुढच्या चाकाबरोबर एक लोखंडी चकती फिरते. तिला दोन्ही बाजूंनी चिमट्यासारखं धरणारा जो भाग, त्याला कॅलिपर म्हणतात. बऱ्याच गाड्यांत या चिमट्याला दट्ट्या एकाच बाजूला, आतल्या बाजूला असतो. आपण पेडल दाबलं की तेलाच्या दाबानं दट्ट्या आतला पॅड चकतीवर दाबतो. मग अख्खा चिमटा दोन गुळगुळीत खिळ्यांवरून किंचित सरकतो आणि बाहेरचा पॅड पलीकडून ओढून घेतो. म्हणजे सारं काम त्या दोन खिळ्यांच्या सरकण्यावर अवलंबून. त्यांना ग्रीस लागतं आणि त्या ग्रीसवर रबराची छोटी टोपी असते. टोपी फाटली की आत पाणी, चिखल, धूळ. खिळा गंजतो, अडकतो. मग बाहेरचा पॅड रजेवर आणि आतला एकटा राबतो. शिवाय पाय काढल्यावर चिमटा नीट मागे सरत नाही, त्यामुळे तो बिचारा ब्रेक न दाबताही घासत राहतो.

तसंच निघालं. एका खिळ्याची टोपी फाटलेली, आत लाल गंज आणि काळी माती यांचा लगदा. उस्तादांना तो खिळा बाहेर काढायला हातोडी घ्यावी लागली. म्हणजे सर्व्हिस सेंटरमध्ये दोनदा पॅड बदलताना हा खिळा हातानं सरकवून पाहिलाच गेला नव्हता. पाहिला असता तर एका मिनिटात कळलं असतं.

आता न्यायाचं बोलायचं तर ड्रायव्हर लोकही काही दुधानं धुतलेले नाहीत. डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करून घाट उतरणारे आपल्यात रग्गड आहेत. हिशेब करून पाहा. मालासकट तीन टनांची गाडी तीनशे मीटर उंचीवरून खाली आली, तर तिच्या उतरण्यातली ऊर्जा सुमारे तीस लिटर पाणी साध्या तापमानापासून उकळीपर्यंत न्यायला पुरेल एवढी असते. काही वाऱ्यात जाते, काही टायरमध्ये. गाडी गिअरमध्ये असेल तर मोठा वाटा इंजिन पेलतं. न्यूट्रलमध्ये असेल तर तो सगळा भार ब्रेकवर. तळहाताएवढ्या पॅडवर हंडाभर पाणी उकळवल्यासारखं ते आहे. पॅड तापून निसटायला लागतो, तेल उकळून त्यात वाफ होते आणि पेडल तळाला जातं. ब्रेकचं तेल हवेतली ओल ओढून घेतं आणि ओल शिरली की ते लवकर उकळतं, म्हणून साधारण दोन वर्षांनी ते बदलायचं असतं. ज्या गिअरमध्ये घाट चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, हे जुने ड्रायव्हर सांगत आले आहेत ते उगाच नाही. ओझ्याचंही तसंच: वेग तोच ठेवून मालासकट गाडीचं एकूण वजन दुप्पट केलं तर ब्रेकला दुप्पट काम, वेग दुप्पट केला तर चौपट. आणि कांद्यानं भरलेल्या ट्रॉल्या! कित्येक ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेकच नसतो, सगळा भार पुढच्या ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांवर. त्यावर एक वेगळं भाषण होईल.

पण भाच्याच्या गाडीतली झीज या जातीची नव्हती. माझा मुद्दा इथेच आहे. 'झीज' या शब्दाला आपल्या भाषेत फार मोठा मान आहे. चंदन झिजतं, सहाण झिजते, आई घरासाठी झिजते. झिजणं म्हणजे नैसर्गिक, अटळ, त्याबद्दल तक्रार करायची नाही. गाडीच्या वॉरंटी पुस्तिकेनं हा शब्द उचलला आणि त्याच्या आडोशाला सगळं काही नेऊन ठेवलं. पॅड झिजणार हे खरंच. पण तो अकरा हजारांवर एकाच बाजूनं का झिजला, हा प्रश्न वेगळा आहे आणि त्या प्रश्नाचं उत्तर शोधण्याचे पैसे काचेच्या केबिनीत कोणालाच मिळत नाहीत. बिघाड वॉरंटीत धरायचा म्हटलं की कागद करा, फोटो काढा, कंपनीची मंजुरी घ्या. झीज म्हटलं की गिऱ्हाईक काउंटरवरच पैसे मोजतं. तिथली पोरं वाईट नसतात. दिवसात इतक्या गाड्या उरकायच्या असतात. पण व्यवस्थेचा उतारच असा आहे की गाडी आपोआप झिजेच्या बाजूला घरंगळते.

आणि कॅलिपर ही झिजायची वस्तू नाही. भाच्यानं तसं लिहून कळवलं, तेव्हा उत्तर आलं की कॅलिपर वॉरंटीत आहे, पण रबराचे भाग नाहीत, आणि टोपी रबराची. शिवाय टोपी दगड लागून फाटली असावी, गाडी खराब रस्त्यावर वापरलेली दिसते. हे वाक्य मी दोनदा वाचलं. नदीतून पाणी उडवत जाणारी गाडी विकायची आणि ती पाणंदीतून गेली म्हणून नाक मुरडायचं!

इथे मला त्या गाडीच्या आद्य ड्रायव्हरची आठवण होते. बर्था बेंझ ही मोटारगाडी बनवणाऱ्या कार्ल बेंझ यांची पत्नी. १८८८ च्या ऑगस्टमध्ये नवऱ्याला न सांगता, दोन मुलांना घेऊन, तिनं मानहाइमपासून फोर्झहाइमपर्यंत शंभरेक किलोमीटर गाडी चालवली. मोटारीचा तो पहिला लांबचा प्रवास. वाटेतल्या उतारांवर लाकडी ब्रेकचे ठोकळे झिजून गेले. तेव्हा तिनं काय केलं? रस्त्यावरच्या एका गावात चांभाराकडे गेली आणि त्या ठोकळ्यांवर चामडं ठोकून घेतलं. ब्रेकच्या अस्तराची सुरुवात ती अशी. म्हणजे मोटारीच्या त्या पहिल्या लांबच्या प्रवासातली ब्रेकदुरुस्ती कंपनीच्या आवाराबाहेर, वाटेवरच्या कारागिराच्या हातून झाली आणि ती करवून घेणारी बाई होती. झिजलेला ठोकळा पाहून तिनं वाटेवरच उपाय शोधला, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

आपल्याकडे मात्र बराच काळ उलटी गंगा वाहिली. वाटेवरच्या मिस्त्रीला अस्सल सुटे भाग मिळू द्यायचे नाहीत, गाडीचा दोष वाचणारी यंत्रं द्यायची नाहीत, बाहेर हात लावला तर वॉरंटी गेली म्हणून भीती घालायची. शमशेर कटारिया यांनी याविरुद्ध भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार नेली. त्यांनी काही कंपन्यांबद्दल तक्रार केली होती, आयोगानं चौकशी वाढवली. २५ ऑगस्ट २०१४ रोजी आयोगानं चौदा मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २५४५ कोटी रुपयांचा दंड सुनावला. सुटे भाग आणि दुरुस्तीची साधनं खुल्या बाजारात न येऊ देणं हे ग्राहकाला ओलीस धरणं आहे, असा त्या निकालाचा सूर होता. पुढे अपिलं झाली, ती वकिलांची गोष्ट. पण गावातला मिस्त्री हा चोरवाटेचा माणूस नाही, हे तेव्हा कागदावर आलं. २४ डिसेंबर २०२२ ला, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक दिनी, केंद्र सरकारनं 'दुरुस्तीचा हक्क' नावाचं संकेतस्थळ सुरू केलं. त्यात मोबाइल आणि घरगुती उपकरणांबरोबर मोटारगाड्या आणि शेतीची अवजारंही आहेत. दुरुस्तीची माहिती गिऱ्हाइकासमोर उघडी असावी, हा त्यामागचा विचार.

२४ डिसेंबर हा दिवस १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याचा. त्याच्या आधीपासून आपल्या महाराष्ट्रात बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात ग्राहक पंचायतीचं काम उभं केलं होतं. तो कायदा जाऊन आता २०१९ चा कायदा आहे आणि तो जुलै २०२० पासून लागू झाला. त्यातल्या दोन गोष्टी आमच्यासारख्या आडगावच्या माणसाच्या फार कामाच्या. पहिली ही की, कंपनीचं कार्यालय मुंबईत असो की चेन्नईत, तक्रार तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यातल्या आयोगाकडे करता येते. दुसरी अशी की, धंद्यासाठी घेतलेली वस्तू म्हणून साधारणपणे तक्रार नाकारली जाते, पण स्वतः राबून पोट भरण्यासाठीच ती वस्तू घेतली असेल तर तुम्ही ग्राहकच. पिकअप चालवून संसार करणाऱ्यानं हे लक्षात ठेवावं. वस्तूतला दोष तपासण्याशिवाय कळणार नसेल तर आयोग ती प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. मुदत दोन वर्षांची. नुसता सल्ला हवा असेल किंवा आधी समेट करून पाहायचा असेल तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे.

पण आयोगापुढे जायचं तर हातात काहीतरी लागतं आणि तिथेच बहुतेकांची गाडी अडते. पहिल्या दोन खेपांचे झिजलेले पॅड कुठे आहेत? सर्व्हिस सेंटरच्या भंगारात गेले. कोणी मागितलेच नाहीत. उस्तादांनी भाच्याला सांगितलं ते मी तुम्हालाही सांगतो. जुना भाग मागून घ्या. पैसे तुम्ही मोजलेत, काढलेला भाग तुमचा. चार पॅड असतील तर चारही घ्या, त्यावर खडूनं लिहा: डावा आतला, डावा बाहेरचा, उजवा आतला, उजवा बाहेरचा. एका पट्टीनं जाडी मोजा. नव्या पॅडचा मसाला साधारण दहा मिलिमीटरच्या आसपास असतो. तीनवर आला की बदलायची वेळ झाली. जॉबकार्डवर तुमची तक्रार तुमच्याच शब्दांत लिहून घ्या. 'ब्रेक चेक करणे' असं लिहू देऊ नका. 'डाव्या चाकातून आवाज, गाडी उजवीकडे ओढते' असं लिहा. आणि ओढा ओलांडला, चिखलातून आलात, तर पाण्यानं चाकाची आतली बाजू धुवा आणि रिकाम्या रस्त्यावर हलके ब्रेक दाबत थोडं अंतर जा, म्हणजे ते वाळतील. मागच्या चाकांना ड्रम असतील तर त्यात चिखल आणखी जास्त दिवस मुक्काम करतो. ब्रेकची धूळ तोंडानं फुंकू नका, हेही सांगतो. जुन्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असायचं आणि ते छातीत गेलं की निघत नाही. गॅरेजमधली चौदा-पंधरा वर्षांची पोरं फुंकर मारताना मी पाहिली आहेत. त्यांना तिथे नसायलाच हवं, हा आणखी एक विषय.

उस्तादांनी दोन्ही खिळे, टोप्या आणि ग्रीस बदललं. डाव्या चाकाची चकती खरडून नीट करण्यापलीकडे गेली होती, ती नवी घातली. तेव्हापासून गाडी सतरा हजार किलोमीटर चालली आहे, याच भाच्याच्या पायाखाली, याच पाणंदीतून. परवा उस्तादांनी चाकं काढून पाहिलं. चारही पॅड सारखे, निम्म्याहून थोडे जास्त शिल्लक. 'रफ ड्रायव्हिंग' गेलं कुठे, हे मला सर्व्हिस सेंटरला विचारायचं आहे.

पहिल्या बिलाला आता सव्वा वर्ष होत आलं, म्हणजे मुदत अजून आहे. तिसऱ्या खेपेचे चार पॅड भाच्याच्या घरी कपाटावर वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेत. बहीण रोज त्यांना नावं ठेवते. तक्रारीचा मसुदा माझ्याकडे आलाय आणि भाच्यानं ताकीद दिली आहे, मामू, यात कविता घालायची नाही. आतापर्यंत दीड पान झालंय. त्यात तारखा, किलोमीटर आणि मिलिमीटर आहेत. 'झीज' हा शब्द मी एकदाही वापरलेला नाही.